घड्याळ बरोबर हवं की बारीक? आशयकेंद्री जाळ्यातली कोंडी आणि वेळेचं मोजमाप

आजचा विषय तसा आडवळणाचा वाटेल. संगणकांच्या जाळ्यात गर्दी झाली की ती आवरायची कशी, हा एक प्रश्न. आणि त्या कामाला घड्याळ किती नेमकं लागतं, हा दुसरा. हे दोन प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की घड्याळ चुकीचं निवडलं तर गर्दी दिसतच नाही, आणि जी दिसत नाही ती आवरता येत नाही. तेव्हा आज आपण घड्याळाकडून सुरुवात न करता गर्दीकडून करू.

घनसावंगीच्या एखाद्या शाळेचं उदाहरण घेऊ. वर्गात ऐंशी मुलं, प्रत्येकाच्या हातात फोन किंवा टॅब, आणि गुरुजी म्हणाले की बालभारतीचं अमुक पुस्तक उतरवून घ्या. पुस्तक समजा वीस एमबीचं. शाळेची लाइन समजा २० एमबीपीएसची. एक प्रत उतरवायला ८ सेकंद लागतात. ऐंशी जणांना ऐंशी वेगवेगळ्या प्रती आणायच्या तर ६४० सेकंद, म्हणजे पावणेअकरा मिनिटं. तेही सगळं सुरळीत चाललं तर. प्रत्यक्षात ऐंशी जण एकाच अरुंद लाइनीत घुसले की रांग वाढते, पॅकेटं गळतात, ती पुन्हा मागवली जातात, आणि तास संपला तरी निम्म्या वर्गाचं पुस्तक अर्धवटच असतं. यात वाईट काय वाटतं, तर तीच ती पानं त्याच त्या तारेवरून ऐंशी वेळा आली. मुंबईत हे चालून जातं, तिथे लाइन जाड असते. तालुक्याच्या गावाला ही चैन परवडत नाही.

आशयकेंद्री जाळं नेमकं इथे कामाला येतं. आजच्या इंटरनेटवर आपण म्हणतो, ‘अमुक पत्त्यावरच्या सर्व्हरशी मला जोडून द्या.’ आशयकेंद्री जाळ्यात आपण पत्ता सांगतच नाही, वस्तूचं नाव सांगतो: ‘अमुक पुस्तक, तुकडा सतरावा.’ ते कुणाकडूनही आलं तरी चालेल, कारण प्रत्येक तुकड्यावर मूळ प्रकाशकाची डिजिटल सही असते, आणणारा कोण याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. मागणीचं एक पॅकेट जातं, त्याच्या बदल्यात मालाचं एक पॅकेट येतं. वाटेतला राउटर दोन कामं करतो. एकाच तुकड्याची मागणी दहा जणांकडून आली, तर पुढे एकच पाठवतो आणि दहा जणांची नावं वहीत टिपून ठेवतो. आणि माल आला की त्याची एक प्रत आपल्या साठ्यात ठेवतो. म्हणजे आपल्या वर्गाचं पुस्तक बाहेरच्या तारेवरून एकदाच येईल, आठ सेकंदांत. (शाळेतलं वायफाय तेवढ्यात घामाघूम होईल, तो वेगळा विषय.)

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता जी झुंबड उडते, तिच्यावर हा उपाय फारसा चालत नाही. प्रत्येकाचा निकाल वेगळा, म्हणजे प्रत्येक मागणीचं नाव वेगळं. साठ्याचा उपयोग सामाईक मालाला.

ही कल्पना ठळकपणे मांडली ती व्हॅन जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २००९ साली, कॅलिफोर्नियातल्या पार्क या संशोधन संस्थेत. पुढे तिच्या दोन शाखा झाल्या, सीसीएनएक्स आणि एनडीएन. सीसीएनएक्सचे नियम २०१९ मध्ये आरएफसी ८५६९ आणि ८६०९ म्हणून प्रसिद्ध झाले. अजून हे सारं बहुतांशी प्रयोगशाळांत आणि चाचणीच्या जाळ्यांवर आहे, घरोघरी पोचलेलं नाही. पण जेकबसन हे नाव लक्षात ठेवा, कारण कोंडीच्या गोष्टीतही हेच गृहस्थ आहेत.

ऑक्टोबर १९८६. बर्कलीतली लॉरेन्स प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ. दोघांत अंतर चारशे यार्डांचं, म्हणजे घनसावंगीच्या बसस्टँडवरून बाजारात चालत जावं एवढं. त्या दोहोंमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. तार तुटलेली नव्हती. झालं होतं असं, की उत्तर यायला उशीर झाला की प्रत्येक संगणक समजायचा, पॅकेट हरवलं, आणि तेच पुन्हा पाठवायचा. त्याने गर्दी आणखी वाढायची, उशीर आणखी वाढायचा. जेकबसन यांनी १९८८ साली यावर जो उपाय लिहिला तो आजच्या टीसीपीचा पाया आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग एवढाच: पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहा, त्याची सरासरी ठेवा, आणि तो किती हेलकावे खातो तेही मोजा. सरासरी अधिक हेलकाव्याची चौपट, एवढी वाट बघा. त्याच्या आत उत्तर आलं नाही तरच हरवलं म्हणा, आणि मग वेग कमी करा.

आता बघा, घड्याळ आलं की नाही? वाट किती बघायची हे घड्याळ ठरवणार. त्या काळच्या बीएसडी युनिक्समध्ये हे घड्याळ अर्ध्या सेकंदाने टिकटिकायचं. म्हणजे ३० मिलिसेकंदांत आलेलं उत्तर आणि ३०० मिलिसेकंदांत आलेलं उत्तर, दोन्ही त्याला ‘शून्य किंवा एक टिक’ अशीच दिसायची. आजच्या नियमात, म्हणजे २०११ च्या आरएफसी ६२९८ मध्ये, ही गोष्ट सूत्रातच घातली आहे: हेलकाव्याची चौपट आणि घड्याळाची एक टिक, यांतलं जे मोठं असेल ते धरा. टिक जाडी असेल तर वाट पाहणंही जाडं होणार, हे सरळ मान्य केलंय.

‘नेमकं घड्याळ’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो, त्यात खरं तर तीन वेगळे गुण मिसळलेले असतात. ते आपल्याच एका जुन्या वस्तूवरून सुटे करून बघू. लग्नघरात जोशीबुवा घटिकापात्र लावायचे. घंगाळात पाणी, त्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. घटकेची साठ पळं, पळाची साठ विपळं. पळ म्हणजे २४ सेकंद आणि विपळ म्हणजे ०.४ सेकंद. पंचांगात हिशेब विपळापर्यंत, पण वाटी मात्र घटकेची. वाटी बुडाल्याशिवाय घटका नाही. हा झाला घड्याळाचा बारकावा: लहानात लहान किती वेळ त्याला ओळखता येतो. दुसरा गुण म्हणजे स्थैर्य. भोकात कचरा अडकला तर घटका लांबते, म्हणजे चाल सरकते. आणि तिसरा गुण जगाशी मेळ. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महापालिकेने ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. घनसावंगीचा सूर्यसुद्धा प्रमाणवेळेच्या सुमारे २६ मिनिटं मागे चालतो, जवळजवळ एक घटका. पण म्हणून मुंबईत किंवा घनसावंगीत भात शिजायला जास्त वेळ लागतो का? कालावधी मोजायला जगाशी मेळ लागत नाही. लागतो तो बारकावा आणि थोडा वेळ टिकणारं स्थैर्य.

आमचं आजचं म्हणणं या तिन्हींतून निघतं. आशयकेंद्री जाळ्यात कोंडी आवरायला जगाशी मेळ जवळजवळ लागत नाही, बारकावा मात्र प्रत्येक टप्प्यावर लागतो. हे असं का, ते आता बघू.

टीसीपीत दोन टोकं ठरलेली असतात, म्हणून जाण्यायेण्याचा वेळ मोजून त्याची सरासरी काढण्याला अर्थ आहे. आशयकेंद्री जाळ्यात दुसरं टोकच ठरलेलं नसतं. शेतीतलं उदाहरण घ्या. या तालुक्यातून पैठणचा डावा कालवा जातो. नमुना सातचा अर्ज भरून पाणी मागणारे शेतकरी आहेत आणि स्वतःचं शेततळं असलेलेही आहेत. शेततळ्याचं पाणी मोटर लावली की आलं. नाथसागरातून सोडलेलं पाणी शिवारात पोचायला त्याचा वेळ घेतं. आता ज्याला दरवेळी शेततळ्याचं पाणी मिळत होतं, त्याचं तळं आटलं आणि मागणी कालव्यावर गेली, तर तो पहिल्या तासाला ‘पाणी कुठंतरी फुटलं’ म्हणून ओरडणार. पाणी फुटलेलं नाही, ते फक्त लांबून येतंय.

आकडे बघा. प्रकाश काचेच्या तारेतून मिलिसेकंदाला साधारण दोनशे किलोमीटर जातो. सतरावा तुकडा शाळेतल्याच साठ्यात सापडला तर एका मिलिसेकंदाच्या आत हातात. अठरावा मुंबईहून आला तर चारशेहून जास्त किलोमीटर, जाऊन-येऊन चार मिलिसेकंदांच्या पुढे. एकोणिसावा न्यूयॉर्कहून आला तर नुसत्या प्रकाशाच्या वेगानेच सव्वाशे मिलिसेकंद. एकाच पुस्तकाचे लागोपाठचे तीन तुकडे, आणि वेळेत शंभरपटींहून जास्त फरक. याची सरासरी काढून काय कळणार? वाट बघायची मर्यादा लहान ठेवली तर लांबून येणारा प्रत्येक तुकडा ‘हरवला’ समजून विनाकारण वेग कमी होतो. मोठी ठेवली तर खरोखर हरवलेल्या तुकड्यासाठी आपण नुसते बसून राहतो. इथे कितीही बारीक घड्याळ आणा, मदत होत नाही. दोष मोजण्याच्या जागेत आहे. बऱ्याच जणांची समजूत अशी असते की टोकाला अणुघड्याळ बसवलं की प्रश्न सुटेल. तसं नाही.

मग एक युक्ती सुचते: जाणं-येणं एकत्र न मोजता फक्त येण्याचा वेळ मोजू. पाठवणाऱ्याने निघण्याच्या वेळेचा शिक्का मारायचा, घेणाऱ्याने पोचण्याची वेळ पाहायची. बिटटॉरंटवाल्या मंडळींनी हे वापरलंय, २०१२ च्या आरएफसी ६८१७ मध्ये ती पद्धत आहे. दोन घड्याळांत मेळ नसला तरी चालतं, कारण आजवर दिसलेला सगळ्यात कमी वेळ वजा केला की कायमचा फरक निघून जातो. निघत नाही ती चाल. साध्या उपकरणातला क्वार्ट्झचा स्फटिक दशलक्षात २० भागांनी चुकतो असं धरू. ५० मिलिसेकंदांच्या फेरीत ही चूक एक मायक्रोसेकंद. सोडून द्या. पण तासाभरात ती ७२ मिलिसेकंद होते, आणि समोरचं घड्याळ उलट्या बाजूला सरकत असेल तर १४४. म्हणजे रांगेत कुणी नसताना तासाभराने शंभर-दीडशे मिलिसेकंदांची रांग ‘दिसू’ लागेल. टीसीपीत यावर अधूनमधून पाया नव्याने मोजण्याचा उपाय आहे. आशयकेंद्री जाळ्यात शिक्का मारणाराच दर तुकड्याला बदलतो, आणि साठ्यातून आलेल्या तुकड्यावर तर तो पहिल्यांदा तयार झाला तेव्हाचा शिक्का असणार, कदाचित गेल्या आठवड्यातला. त्याला काय अर्थ?

म्हणून अभ्यासकांनी मोजण्याची जागा बदलली. टोकाला बसून अंदाज बांधण्यापेक्षा जिथे रांग लागते तिथेच ती मोजायची. पॅकेट राउटरच्या रांगेत शिरलं की वेळ टिपा, बाहेर पडलं की पुन्हा टिपा, वजाबाकी करा. दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या, त्यामुळे जगाशी मेळ नको. मधला काळ काही मिलिसेकंदांचा, त्यामुळे चालही सरकत नाही. या पद्धतीचं नाव कोडेल. कॅथलीन निकल्स आणि पुन्हा आपले जेकबसन यांची ती आहे, आणि २०१८ मध्ये आरएफसी ८२८९ म्हणून आली. तिचा नियम ढोबळमानाने असा: रांगेतला मुक्काम ५ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि १०० मिलिसेकंदांत एकदाही त्याच्या खाली आला नाही, तर ती खरी कोंडी. क्षणभराची गर्दी आली नि ओसरली, तर तिला त्रास द्यायचा नाही. २०१६ मध्ये क्लाउस श्नायडर आणि सहकाऱ्यांनी एनडीएनसाठी पीकॉन नावाची पद्धत मांडली, तिने हीच तपासणी आशयकेंद्री जाळ्याच्या प्रत्येक टप्प्यावर बसवली. कोंडी दिसली की परतीच्या मालावर खूण करायची. ती खूण वाचून मागणारा आपल्या मागण्या कमी करतो, आणि वाटेतला राउटर काही मागण्या दुसऱ्या वाटेने वळवतो.

इथे बारकाव्याचा प्रश्न कळीचा होतो. आपल्या शाळेच्या २० एमबीपीएसच्या लाइनीवर दीड हजार बाइटांचं पॅकेट जायला ०.६ मिलिसेकंद लागतात. रांगेत तेरा-चौदा पॅकेटं कायम तुंबून आहेत असं समजा, म्हणजे मुक्काम ८ मिलिसेकंदांचा. ५ च्या वर आहे, तेव्हा कोडेलने ओरडायला हवं. आता राउटरचं घड्याळ १० मिलिसेकंदांनी टिकटिकतंय असं धरा. लिनक्सच्या गाभ्यात सेकंदाला शंभर टिकटिक ही मांडणी वर्षानुवर्षं प्रचलित होती. ८ मिलिसेकंद थांबलेलं पॅकेट या घड्याळाला कसं दिसेल? मधे टिक पडली तर १०, नाही पडली तर शून्य. शंभरांतल्या ऐंशी पॅकेटांना १० दिसेल, वीस पॅकेटांना शून्य. आणि कोडेल तर सगळ्यात कमी आकड्याकडे बघतं. १०० मिलिसेकंदांत दीडशेच्या वर पॅकेटं जातात, त्यांतल्या तीसेकांचा मुक्काम शून्य दिसणार. कोडेल म्हणणार, ‘रांग रिकामी झाली होती, काही अडचण नाही.’ आणि रांग मुळीच रिकामी झालेली नाही! खरा मुक्काम १० मिलिसेकंद होईपर्यंत या घड्याळाला कोंडी दिसायचीच नाही. आपण कागदावर ५ लिहिलं, घड्याळाने त्याचे परस्पर १० केले.

आता दहाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. एकाच टप्प्यावर, संथ लाइनीवर, फारसं नाही. आम्हीही त्याचा बाऊ करणार नाही. पण टप्पे पाच असले तर पन्नास होतात. आणि लाइन वेगवान झाली की चित्र पालटतं. एक जीबीपीएसच्या तारेवर १० मिलिसेकंदांत ८३३ पॅकेटं मावतात. राउटरला एवढ्या रांगेची जागाच नसेल तर घड्याळाला कोंडी दिसायच्या आधी पॅकेटं गळू लागतील. जशी तार वेगवान तसं घड्याळ बारीक हवं. हा धडा माहितीकेंद्रांनी २००९ च्या सुमारास घेतला होता. तिथे फेरी मायक्रोसेकंदांची आणि टीसीपीचं वाट बघणं कमीत कमी २०० मिलिसेकंदांचं, त्यामुळे एक गळती झाली की सगळं ठप्प. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी मायक्रोसेकंदांच्या टिकेने ते सोडवून दाखवलं.

मागण्या सोडण्याच्या गतीलाही हेच लागू. आशयकेंद्री जाळ्यात एका मागणीला एकच पॅकेट, त्यामुळे मागण्यांमधलं अंतर राखलं की परतीचा माल आपोआप अंतर राखून येतो. हा फार सुंदर गुण आहे. पण १०० एमबीपीएसला दोन मागण्यांत ०.१२ मिलिसेकंदांचं अंतर हवं, आणि घड्याळ जागं होतं १० मिलिसेकंदांनी. मग ते दर टिकेला ८३ मागण्या एकदम सोडतं आणि गप्प बसतं. एसटी तासभर आली नाही आणि मग तीन एकदम आल्या, तसं. सरासरी बरोबर, रांग मात्र भलतीच.

मग जगाशी मेळ कुठेच लागत नाही का? लागतो, आणि मागच्या दाराने. सीसीएनएक्समध्ये मालाच्या मुदतीची वेळ थेट जागतिक वेळेत, मिलिसेकंदांत लिहिलेली असते. शाळेतल्या साठ्याचं घड्याळ पुढे असेल तर ताजा माल त्याला शिळा वाटून तो फेकून देईल, आणि ऐंशी मागण्या पुन्हा बाहेरच्या तारेवर जातील. म्हणजे घड्याळ चुकलं म्हणून कोंडी झाली, फक्त वाट वेगळी. मागे असेल तर उलट, मुदत संपलेला माल वाटत बसेल. वीज गेली-आली की बॅटरी नसलेलं स्वस्त उपकरण १९७० पासून मोजायला लागतं, हे इथे बसलेल्या कुणाला नवं नसेल. एनडीएनमध्ये ताजेपणाची मुदत ‘आल्यापासून इतके मिलिसेकंद’ अशी सापेक्ष असते. भारनियमनाच्या मुलखात आम्हाला ती जास्त शहाणपणाची वाटते. त्यातच आणखी एक पोटमुद्दा: वीज आल्यावर नेटवरून वेळ जुळते तेव्हा भिंतीवरचं घड्याळ एकदम पन्नासेक वर्षं पुढे उडी मारतं. रांगेतला मुक्काम त्या घड्याळाने मोजत असाल तर त्या क्षणी पॅकेट अर्धशतकभर रांगेत होतं असं उत्तर येईल. म्हणून कालावधीसाठी फक्त पुढे जाणारं, कधीही उडी न मारणारं वेगळं घड्याळ वापरायचं असतं. लिनक्समध्ये ते असतंच.

सगळीच वेळ बारीक हवी असंही नाही बरं का. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरएफसी ९५१० आली. ती सीसीएनएक्समधला कालावधी एका बाइटात बसवायचा मार्ग देते. लहान आकडे बारीक, मोठे आकडे जाड, अशी चढती मोजपट्टी. शेतातल्या ओलावा मोजणाऱ्या यंत्रासारख्या ठिकाणी, जिथे एकेक बाइट महाग, तिथे ‘ही मागणी किती वेळ वहीत ठेवा’ हे ढोबळ सांगितलं तरी भागतं. एनडीएनमध्ये तो वेळ न सांगितल्यास चार सेकंद धरतात. चारच्या जागी सव्वाचार झाले तर कुणाचं काही अडत नाही. रांगेच्या मुक्कामाला ही सवलत नाही.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न आले, ते इथे देतो. पहिला: सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सगळ्यांना एनआयसीच्या किंवा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं, मग ते निरर्थक का? मुळीच नाही. नोंदवह्या जुळवायला, सह्यांची प्रमाणपत्रं तपासायला, आणि आत्ता पाहिली ती मालाची मुदत पाळायला तो मेळ हवाच. फक्त त्याने रांग मोजता येत नाही.

दुसरा: आमच्याकडचा हजार-दोन हजारांचा राउटर या कामाला चालेल का? बहुतेक चालेल. स्वस्त चिपमध्येही मायक्रोसेकंद मोजणारा काउंटर असतो, आणि लिनक्समध्ये बारीक टाइमर २००६ पासून आहेत. अडतं ते जुन्या सॉफ्टवेअरपाशी, जे हाताशी बारीक काउंटर असूनही टिकटिक मोजत बसतं. ओळखायचं कसं? रांगेच्या मुक्कामाचे हजारभर आकडे नोंदवून घ्या आणि नुसती नजर टाका. ०, १०, १०, २०, ० असे आकडे दिसले किंवा सगळेच चारच्या पाढ्यातले निघाले, तर तुम्हाला रांग दिसत नाहीये, घड्याळाची टिक दिसतेय. १.३, २.७, ६.१ असे वेडेवाकडे आकडे आले तर समजा, घड्याळ कामाचं आहे.